कन्नडचे जड पाणी आणि प्रवाळाची टाकी

कन्नड तालुक्यातल्या काळ्या रानाचा माती परीक्षणाचा अहवाल पाहिला, तर सामूच्या रकान्यात बहुतेक वेळा आठच्या आसपासचा आकडा दिसतो. रान चुनखडीचे असेल तर तो सव्वाआठपर्यंतही जातो. अरबी समुद्राच्या वरच्या थरातले पाणी मोजले तर त्याचा सामू ८.१ च्या आगेमागे निघतो. मध्ये सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर, सह्याद्रीची भिंत, आणि तरी आकडा जवळपास तोच. हा योगायोग नाही. चुनखडी, पाणी आणि आपल्या भोवतालची हवा या तिघांना एकत्र येऊन पुरेसा वेळ मिळाला, की पाण्याचा सामू ८.२-८.३ च्या घरात येऊन स्थिरावतो. समुद्रात मिठामुळे आणि जिवंत प्राण्यांमुळे हिशोब थोडा गुंतागुंतीचा होतो, पण रसायन तेच. म्हणूनच, घरात समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवणाऱ्यांना ज्या रसायनाने रात्रीची झोप लागत नाही, त्याची निम्मी ओळख कन्नडच्या शेतकऱ्याला आधीच असते. ठिबकच्या नळ्यांना आम्ल प्रक्रिया देणाऱ्या आले-उत्पादकाला तर निम्म्याहून जास्त.

प्रवाळाच्या टाकीकडे वळण्याआधी कायद्याचे बोलून टाकू. आपल्या देशात खडक बांधणारी प्रवाळे, अग्निप्रवाळ, काळी प्रवाळे, समुद्रपंखे ही सगळी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे, मग तो तुकडा मेलेला का असेना. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळे सापडली, तेव्हा २०२० मध्ये रीतसर परवानगी काढून ती दुसरीकडे हलवावी लागली. रस्त्याचे काम म्हणून सूट मिळाली नाही. दुकानदाराने ‘इम्पोर्टेड आहे’ असे सांगितले तर आधी कागद मागावेत. माझे मत विचाराल तर नवख्याने प्रवाळाच्या वाटेला जाऊच नये. कृत्रिम दगड आणि समुद्री मासे ठेवावेत. पुढचे सगळे रसायन त्या टाकीलाही लागू पडते.

आता आकड्याचे. सामू, म्हणजेच पीएच, ही मोजपट्टी १९०९ मध्ये डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ही प्रयोगशाळा एका बिअर कारखान्याची. आंबवण्याच्या क्रियेत आम्लता नेमकी मोजता यावी ही तिथली निकड होती. या पट्टीवर आकडा जितका खाली, तितके पाणी आम्ल. पण तिच्यावरची एक पायरी म्हणजे दहापट फरक. सकाळी टाकीचा सामू ८.० आणि संध्याकाळी ८.३ दिसला, तर फरक क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात सकाळच्या पाण्यातले हायड्रोजन आयन संध्याकाळच्या दुप्पट असतात. दोनशे-तीनशे रुपयांचा पेनासारखा मीटर दोन महिने कॅलिब्रेट न करता वापरला, तर तो स्वतःच एवढी चूक सहज करतो. त्यामुळे मीटरवरचा आकडा पाहून लगेच औषधाची बाटली उघडणे हा या छंदातला सर्वांत महागडा दोष आहे.

कारण सामू हा निकाल आहे, खेळाडू नव्हे. रस्सीखेच डोळ्यांपुढे आणा. दोरीच्या मधोमध रुमाल बांधलेला असतो. एका बाजूने हवेतून आणि माशांच्या श्वासातून आलेला कार्बन डायऑक्साइड ओढतो, दुसऱ्या बाजूने पाण्यातली बायकार्बोनेट-कार्बोनेटची फळी ओढते. या दुसऱ्या फळीच्या ताकदीला अल्कलिनिटी म्हणतात. रुमाल कुठे आहे तो सामू. नुसता रुमाल हाताने सरकवला तर तो क्षणभर सरकतो आणि परत येतो. ‘पीएच वाढवणारे’ म्हणून विकले जाणारे बरेच द्रव हेच करतात. विचार करायचा तो दोन्हीकडच्या फळ्यांचा.

समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या अकार्बनी कार्बनपैकी सुमारे नव्वद टक्के बायकार्बोनेटच्या रूपात असतो, उरलेला बहुतेक कार्बोनेटच्या, आणि मोकळा कार्बन डायऑक्साइड जेमतेम टक्काभर. तो टक्काभरच रुमाल हलवतो. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. फुंकरीतला वायू पाण्यात उतरला आणि चुन्याशी जोडला जाऊन पांढरा कॅल्शियम कार्बोनेट झाला. फार कमी जण पुढे फुंकत राहतात. राहिले असते तर दिसले असते, की आणखी वायू गेल्यावर तो पांढरेपणा पुन्हा विरघळतो आणि पाणी निवळते. या दोन टप्प्यांत प्रवाळाचे जगणे आणि मरणे दोन्ही येतात.

घराचा संबंध इथे येतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत ४२० च्या पुढे आहे. कन्नडला डिसेंबर-जानेवारीत गौताळ्याच्या बाजूने गार वारा सुटला की खिडक्या बंद होतात, आत गॅस चालू, घरात चार माणसे. अशा खोलीत हे प्रमाण हजारावर जायला वेळ लागत नाही. वायू दुप्पट झाला की, अल्कलिनिटी तीच असताना, सामू पाव ते तीन दशांशाने उतरतो. टाकीत काहीही बिघडलेले नसते. बिघडलेली असते ती खोलीतली हवा. हे ओळखायला सोपी चाचणी आहे. टाकीतले पेलाभर पाणी घेऊन गच्चीवर छोट्या हवापंपाने तासभर बुडबुडे सोडायचे आणि आधीचा-नंतरचा सामू मोजायचा. वर चढला तर औषध म्हणजे खिडकी. जरासाही हलला नाही, तर मग अल्कलिनिटी तपासायची.

दिवसरात्रीची चढउतार वेगळी. उजेडात शेवाळ आणि प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल कार्बन डायऑक्साइड खातात, सामू वर जातो. रात्री सगळेच श्वास सोडतात, तो खाली येतो. ७.८ ते ८.४ मधली ही ये-जा चालते. खऱ्या प्रवाळ खडकावरच्या उथळ डबक्यातही ती होते. मोजायचे असेल तर रोज एकाच वेळी मोजावे, नाहीतर सकाळच्या आकड्याची संध्याकाळच्या आकड्याशी तुलना करून माणूस उगाच औषधे ओतत बसतो.

अल्कलिनिटी वाढवायला स्वयंपाकघरातला सोडा चालतो हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. पण दोन सोड्यांत फरक आहे. खाण्याचा सोडा म्हणजे बायकार्बोनेट. तो टाकला की अल्कलिनिटी चढते, पण सामू त्या क्षणी किंचित उतरतो. धुण्याचा सोडा म्हणजे कार्बोनेट. तो दोन्ही चढवतो. खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये चांगला तापवला की त्यातले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातात आणि उरतो तो धुण्याच्या सोड्याचाच शुद्ध अवतार. टाकीचा सामू आधीच उंच असेल तर पहिला, खाली असेल तर दुसरा. बाजारातल्या कपड्यांच्या पुडीतला मात्र कधीही वापरू नये, त्यात सुगंध आणि साबण असतो. किती वाढवायचे? डीकेएच या तिच्या एककात मोजली तर समुद्रात अल्कलिनिटी साडेसहा-सात असते. टाक्यांत लोक आठ-नऊ ठेवतात, थोडी शिल्लक असावी म्हणून. अकरा-बाराच्या मागे धावणारेही आहेत. दिवसात एक-दीडपेक्षा जास्त बदल करू नये; प्रवाळाला साडेसात चालते आणि नऊही चालते, पण सकाळी साडेसात आणि रात्री नऊ चालत नाही.

प्रवाळ आपला सांगाडा बांधतो तो कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जोडून. या क्रियेत कॅल्शियम कार्बोनेट तयार होतो आणि सोबत कार्बन डायऑक्साइड सुटतो. कन्नडच्या घराघरांतल्या गीझरच्या कॉइलवर, बंबाच्या तळाशी, नळाच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो तो हाच पदार्थ, आणि क्रियाही हीच. तापवल्यामुळे वायू निघून जातो आणि क्षार खाली बसतो. ठिबकच्या ड्रीपरच्या तोंडाशीही तेच होते: जमिनीखाली दाबाखाली असलेले पाणी उघड्यावर येते, त्यातला वायू सुटतो, थोडे पाणी उडून जाते आणि भोक बुजते. बोअर चालू करताच मोजलेला सामू आणि तेच पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून सकाळी मोजलेला सामू यांत म्हणूनच फरक पडतो. सकाळचा आकडा वरचा असतो. शेतकरी ज्याला शत्रू मानून ॲसिड सोडतो, तेच टाकीवाल्याला हवे असते, फक्त योग्य जागी: प्रवाळाच्या अंगावर, पंपाच्या पात्यावर नव्हे.

तो योग्य जागीच बसावा याची काळजी मॅग्नेशियम घेते. समुद्रात लिटरमागे कॅल्शियम सुमारे ४१० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम त्याच्या तिप्पट, १३०० च्या घरात. कॅल्शियम कार्बोनेटचे कण वाढायला लागले की मॅग्नेशियम त्यांच्या पृष्ठभागात घुसून वाढ अडवते. ते कमी पडले, की कितीही कॅल्शियम आणि सोडा घाला, सगळे हीटरवर आणि पंपावर चिकटते आणि मोजणीत दोन्ही आकडे खालीच राहतात. असा अनुभव आला की लोक कॅल्शियमची दुसरी बाटली आणतात. आणायला हवे असते मॅग्नेशियमचे चाचणी किट.

खर्चाचा हिशोब ठरलेला आहे. प्रवाळाने एक डीकेएच अल्कलिनिटी वापरली तर लिटरमागे सुमारे सात मिलिग्रॅम कॅल्शियम वापरलेच. त्यामुळे अल्कलिनिटी आधी घसरते आणि डोळ्यांत भरते, कॅल्शियम मागाहून. दोन्ही बरोबरीने भरून काढायचा सगळ्यात जुना मार्ग म्हणजे चुन्याची निवळी. लिटरभर शुद्ध पाण्यात सुमारे दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड; गढूळपणा खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी घ्यायची. तिचा सामू बारापेक्षा जास्त असतो, म्हणून डोळे आणि हात सांभाळून, आणि टाकीत थेंबाथेंबाने, तेही रात्री, जेव्हा सामू उतरलेला असतो. दिवसभरात जेवढे पाणी उडते तेवढीच निवळी, त्याहून जास्त नाही. पानाच्या टपरीवरचा चुना घेऊ नये, त्यात काय काय आहे ते कोणालाच माहीत नसते.

इतके सगळे आपल्या बोअरच्या पाण्यात फुकट आहे, मग तेच मीठ घालून का वापरू नये? प्रश्न रास्त आहे. दख्खनच्या बेसाल्टमधल्या भूजलात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट यांचेच राज्य असते. याच पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही. अल्कलिनिटी समुद्राच्या दुप्पट-अडीचपट असली तरी नवल नाही. पण त्याबरोबर खडकातली सिलिका येते आणि शेतातल्या युरियाचा नायट्रेट येतो. सिलिकाने टाकीच्या काचेवर डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर चढतो, नायट्रेटने हिरवे शेवाळ माजते. शिवाय क्षारांची गुणोत्तरे समुद्राची नसतात, आणि कोणती गोष्ट किती ते विहिरीगणिक, ऋतूगणिक बदलते. मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर तीच विहीर वेगळी असते. समुद्री टाकीला आधी सगळे काढून टाकायचे आणि मग मोजून घालायचे, हाच मार्ग उरतो: आरओ, त्यानंतर डीआयोनायझिंगची रेझिन, टीडीएस शून्याजवळ, आणि मग लिटरमागे साधारण ३५ ग्रॅमपर्यंत क्षारता येईल इतके समुद्री मीठ. साधे जेवणाचे मीठ नव्हे.

आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर टाकून देतो. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर धावतात तिथे हे टाकाऊ पाणी मोरीत जाऊ देणे मला तरी पटत नाही. ते जड असते, पण भांडी-धुणी आणि फरशीला चालते.

उन्हाळ्यात दुसरी अडचण. कोरड्या हवेत टाकीचे पाणी भराभर उडते, मीठ मात्र मागे राहते. भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. मिठाचे पाणी घालत राहिलो तर आठवड्याभरात टाकी मृत समुद्राच्या दिशेने निघते. पृष्ठभागावर पंखा सोडला तर बाष्पीभवनामुळे दोन-तीन अंश गारवा मिळतो, म्हणजे कूलरचेच तत्त्व, पण पाणी आणखी उडते. आणि वीज गेली की पंप थांबतो, पाणी ढवळले जात नाही, प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, सामू खाली येतो. चिलर घेण्याआधी बॅटरीवर चालणारा छोटा हवापंप घ्यावा. हजारभर रुपयांत टाकी वाचते.

हे बायकार्बोनेट येते कुठून, हेही पाहायला हवे, कारण कन्नड त्यासाठी फार सोयीच्या जागी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेल्या लाव्हाचे थर इथे डोंगर होऊन उभे आहेत. पितळखोऱ्याची लेणी त्यांतच कोरलेली आहेत. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतल्या मुळांचा कार्बन डायऑक्साइड घेऊन खडकात शिरते, फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे झिजवते, त्यांतले कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडवते आणि वायूचे बायकार्बोनेट करते. मागे उरते ती काळी चिकणमाती. बेसाल्ट हे काम ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी वेगाने करतो. २००१ मध्ये फ्रेंच आणि भारतीय शास्त्रज्ञांनी नर्मदा, तापी, वैनगंगा खोऱ्यांतल्या नद्यांचे पाणी तपासून दख्खनसाठी तो वेग मांडला. कन्नडच्या घाटमाथ्यावर या पाण्याचे दोन रस्ते होतात. घाटाखाली चाळीसगावकडे उतरलेले गिरणेतून तापीला आणि अरबी समुद्राला मिळते. शिवना नदीत गेलेले गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. समुद्रातल्या प्रवाळांच्या सांगाड्यातले कॅल्शियम कोणत्या ना कोणत्या खडकातून असेच धुऊन आलेले असते. नदीचा हा पुरवठा मात्र फार सावकाश आहे; हवेतून समुद्रात उतरणारा कार्बन डायऑक्साइड त्याहून वेगाने वाढतो आहे. औद्योगिक काळाच्या आधी समुद्राच्या वरच्या थराचा सामू ८.२ च्या आसपास होता, आज तो ८.१ च्या खाली निघाला आहे. दशांशाचा हा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांत पावपटीहून अधिक वाढ. १९८७ मध्ये मालवणला सागरी अभयारण्य झाले, सिंधुदुर्गाच्या आसपासच्या प्रवाळांना कागदोपत्री संरक्षण मिळाले. हवेतून उतरणारा वायू हद्दीचा फलक वाचत नाही.

शेवटी शेततळे, कारण तालुक्यात टाक्यांपेक्षा तळी कितीतरी जास्त आहेत आणि त्यांत रोहू, कटला, मृगल सोडणारे वाढत आहेत. रसायन हेच, फक्त मासे जास्त आणि खाद्य जास्त. माशांच्या विष्ठेतून अमोनिया येतो. तो दोन रूपांत असतो: एक जवळजवळ निरुपद्रवी, एक विषारी, आणि कोणते किती हे सामू ठरवतो. पाण्याचे तापमान २५ अंश असताना सामू सात असेल तर शंभरात जेमतेम अर्धा भाग विषारी, आठला पाच, नऊला छत्तीस. हिरव्यागार शेवाळलेल्या तळ्यात दुपारी चारला सामू नऊच्या पुढे सहज जातो. सकाळी प्राणवायू संपल्याने मासे वर येऊन तोंड उघडतात तेव्हा सामू खाली असतो, म्हणून लोक चुना टाकतात. दुपारी तोच चुना उलटतो.

चुन्याची शिफारस मुळात आम्ल मातीच्या, मऊ पाण्याच्या प्रदेशासाठी आहे. कन्नडमध्ये तळे विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरलेले असेल तर त्यात अल्कलिनिटी आधीच भरपूर आहे. चुनखडीची भुकटी आठाच्या वरच्या सामूत विरघळत नाही, नुसती तळाशी बसते, आणि कळीचा चुना सामू एकदम चढवून अमोनियाला धार लावतो. याउलट प्लॅस्टिक अस्तराचे आणि निव्वळ पावसाच्या पाण्याने भरलेले तळे असेल, तर त्या पाण्याला मातीचा स्पर्शच झालेला नसतो. त्यात अल्कलिनिटी नावापुरती असते आणि सामू सकाळ-दुपार झोके घेतो. तिथे चुनखडीची भुकटी खरेच उपयोगी पडते. शेजारी-शेजारी असलेल्या दोन तळ्यांना एकच सल्ला लागू पडत नाही. लिटरमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्कलिनिटी असेल तरच चुन्याचा विचार करावा, आणि सामू पहाटे व दुपारी चारला असा दोनदा मोजावा. दोन आकड्यांत दीडपेक्षा जास्त फरक दिसला तर चुन्याची पिशवी बाजूला ठेवून शेण टाकणे बंद करावे, खाद्य निम्म्यावर आणावे आणि जमेल तेवढे पाणी बदलून टाकावे. काढलेले हिरवे पाणी मक्याला किंवा कांद्याला सोडता येते. त्यातला नायट्रोजन वाया जात नाही.